‘ड्यूटेरो-’ म्हणजे दुसरा, पण मग पहिलं कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेत दर शनिवारी संध्याकाळी आमचा इंग्रजी शब्दांचा वर्ग भरतो. कुणी परदेशी विद्यापीठांच्या परीक्षेची तयारी करत असतं, कुणी बी.एस्सी.ला असतं, आणि दोन-तीन आजी-आजोबा निव्वळ आवडीपोटी येतात. ‘ड्यूटेरो-’चा दिवस आला की तेच तेच प्रश्न निघतात. वर्गात वेळ अपुरा पडतो आणि उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून ती इथे सविस्तर लिहिते आहे.

‘ड्यूटेरो-’ म्हणजे नेमकं काय?

ग्रीक भाषेत ‘देउतेरोस’ म्हणजे दुसरा. इंग्रजीत तो शब्दाच्या आधी जोडून येतो आणि ‘क्रमाने दुसरा’ किंवा ‘दुसऱ्यांदा’ असा अर्थ देतो. ग्रीक क्रम असा: प्रोतोस, देउतेरोस, त्रितोस. पहिला, दुसरा, तिसरा. यातला पहिला ‘प्रोटोटाइप’मध्ये आणि ‘प्रोटॉन’मध्ये भेटतो, तिसरा ‘ट्रिटियम’मध्ये. मधल्याशी आपली ओळख कमी असते, म्हणून तो अवघड वाटतो.

हा ‘दोन’वरूनच आला ना? द्वि, दुओ, ड्यूटेरो?

नाही. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण इथे कान आपल्याला फसवतात. ‘दोन’साठी ग्रीकमध्ये ‘द्युओ’ आहे आणि तो आपल्या ‘द्वि’चा सख्खा भाऊ. ‘देउतेरोस’ मात्र ‘कमी पडणं, मागे राहणं’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून आलेला मानतात. त्याला जोडलेला ‘-तेरोस’ हा प्रत्यय म्हणजे आपला ‘-तर’. लघुतर, श्रेष्ठतर यांतला तोच. आपण ‘तरतमभाव’ म्हणतो त्यातलाही तोच. म्हणजे ‘देउतेरोस’चा मूळ अर्थ ‘अधिक मागचा’. एकाच्या मागून येणारा तो दुसरा.

लॅटिननेही हीच वाट धरली. इंग्रजी ‘सेकंड’ ज्या लॅटिन शब्दावरून आला तो ‘मागोमाग जाणं’ या क्रियापदाचा. तिथेही ‘दोन’ कुठेच नाही.

मग हे शब्द लक्षात ठेवायचे कसे?

पाठ करू नका. प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारा: पहिलं कोण? ‘दुसरा’ एकटा कधीच येत नाही, त्याच्या आधी कुणीतरी असतंच. ते सापडलं की शब्दाचा अर्थ आपोआप हाती लागतो. खालच्या बहुतेक उत्तरांत मी तेवढंच केलं आहे.

स्पेलिंग चुकतं. काही युक्ती?

डी नंतर ई-यू, जसं ‘युरोप’मध्ये आहे. बरेच जण ‘ड्युएट’ आणि ‘ड्युअल’ मनात धरून डी नंतर नुसता यू लिहितात. ते दोन्ही लॅटिन ‘दोन’चे, त्यांचा इथे संबंध नाही. दुसरं असं की पुढे स्वर आला की ‘ड्यूटेरो-’चा शेवटचा ‘ओ’ गळतो. ‘ड्यूटेरॅनोपिया’मध्ये तो नाही, ‘ड्यूटेरोस्टोम’मध्ये आहे. संधी शिकलेल्याला यात नवल वाटू नये. काही शब्दांत नुसतं ‘ड्यूटो-’ उरतं. मधमाश्यांवर जगणाऱ्या व्हरोआ या कोळ्याच्या नात्यातल्या बारीक जिवाच्या (माइटच्या) वाढीतली दुसरी निम्फ अवस्था ‘ड्यूटोनिम्फ’, तिच्या आधीची ‘प्रोटोनिम्फ’.

ड्यूटेरियममध्ये ‘दुसरं’ काय आहे?

हायड्रोजनचा दुसरा समस्थानिक. साध्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रात एकच प्रोटॉन असतो, ड्यूटेरियमच्या केंद्रात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन. वस्तुमान जवळजवळ दुप्पट.

हॅरॉल्ड युरी यांनी फर्डिनंड ब्रिकवेड आणि जॉर्ज मर्फी यांच्या साथीने 1931 मध्ये तो शोधला. द्रवरूप हायड्रोजन हळूहळू उडू द्यायचा, हलका भाग आधी निघून जातो, जड भाग तळाशी साठतो, आणि त्या उरलेल्या थेंबभराच्या वर्णपटात नवी रेष शोधायची, अशी ती पद्धत होती. न्यूट्रॉनचा शोध त्यानंतरचा, 1932 चा. म्हणजे हा अणू जड का आहे हे शोधणाऱ्यांनाही तेव्हा नीट माहीत नव्हतं. युरींना 1934 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

नावावरून मतभेद झाले. रदरफोर्ड यांना ‘डिप्लोजेन’ हवं होतं, ग्रीक ‘दुप्पट’वरून. अमेरिकेतल्या शोधकर्त्यांनी 1933 मध्ये ‘ड्यूटेरियम’ सुचवलं आणि तेच टिकलं. मला वाटतं ते टिकलं हे बरंच झालं. ‘दुप्पट’ म्हटलं असतं तर पुढच्या वर्षी सापडलेल्या तिप्पट वजनाच्या ट्रिटियमसकट ती वजनांची यादी झाली असती. ‘दुसरा’ म्हटल्यामुळे कुटुंब झालं: प्रोटियम, ड्यूटेरियम, ट्रिटियम. थोरला, मधला, धाकटा. ड्यूटेरियमच्या नुसत्या केंद्राला ‘ड्यूटेरॉन’ म्हणतात.

हे काही दूरच्या प्रयोगशाळेतलं प्रकरण नाही. निसर्गात हायड्रोजनच्या साधारण 6,400 अणूंमागे एक ड्यूटेरियमचा असतो. खडकवासल्याहून नळाला येणाऱ्या पाण्यातही तो आहे. वर्गात मी काचेचा पेला भरून टेबलावर ठेवते आणि हे सांगते, तेव्हा पहिल्या बाकावरची मुलं पेल्यात वाकून बघतात. दिसत काहीच नाही, पण बघावंसं वाटतं हे खरं.

पाषाणला रासायनिक संशोधन करणाऱ्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना हा शब्द रोजचाच आहे. रेणूची रचना तपासणाऱ्या एनएमआर यंत्रात नमुना घालताना तो ज्या द्रावकात विरघळवतात त्यातल्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घातलेलं असतं, म्हणजे द्रावकाचा स्वतःचा हायड्रोजन मध्ये गोंधळ घालत नाही. आता औषधांच्या नावांतही ‘ड्यू’ दिसू लागला आहे. ‘ड्यूटेट्राबेनाझीन’ला अमेरिकेत 2017 मध्ये मंजुरी मिळाली, अशा प्रकारचं ते पहिलंच औषध. कार्बन आणि ड्यूटेरियम यांचा बंध जास्त चिवट असल्यामुळे शरीरात ते सावकाश मोडतं.

ड्यूटेरियमचं ‘जड पाणी’ म्हणजे आमच्या बोअरचंच ना?

नाही, आणि हा घोळ आपल्या बोलण्यामुळे झाला आहे. धायरीत किंवा वाघोलीत कुणी म्हणालं, ‘आमच्याकडे जड पाणी येतं, डाळ शिजत नाही,’ तर ते कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं पाणी. शाळेच्या पुस्तकात त्याला ‘कठीण पाणी’ म्हणतात. विज्ञानातलं ‘जड पाणी’ म्हणजे ज्याच्या रेणूतले दोन्ही हायड्रोजन ड्यूटेरियमचे आहेत ते. साध्या पाण्यापेक्षा सुमारे अकरा टक्के जड. ते शून्याला गोठत नाही, 3.8 अंश सेल्सिअसलाच गोठतं. त्याचा बर्फाचा खडा साध्या पाण्यात टाकला तर तरंगत नाही, तळाला जातो.

अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला ते वापरतात. तारापूरची तिसरी आणि चौथी भट्टी याच प्रकारची, आणि जड पाण्याचा एक कारखाना आपल्या रायगड जिल्ह्यात थळला आहे.

बायबलमधल्या ‘ड्यूटेरोनॉमी’चा अर्थ ‘दुसरा कायदा’ असा आहे. पहिला कायदा कोणता?

‘नोमोस’ म्हणजे नियम, कायदा. मोशेला सीनाय पर्वतावर मिळालेलं नियमशास्त्र हे पहिलं. बायबलच्या या पाचव्या पुस्तकात तो आयुष्याच्या अखेरीस लोकांना तेच पुन्हा सांगतो. दहा आज्ञा दुसऱ्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात येतात आणि इथे पाचव्या अध्यायात पुन्हा येतात.

म्हणजे कायदा दुसरा नाहीच. तोच कायदा दुसऱ्यांदा सांगितला आहे. नाव मग असं का पडलं? या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात राजाने ‘या नियमशास्त्राची नक्कल’ स्वतःसाठी लिहून घ्यावी असं मूळ हिब्रूत आहे. ग्रीक भाषांतरकारांनी त्या ‘नकले’साठी ‘देउतेरोनोमिओन’ शब्द वापरला आणि तोच पुढे पुस्तकाला चिकटला. हिब्रूत या पुस्तकाचं नाव वेगळंच आहे, ‘द्वारीम’, म्हणजे वचनं. पुस्तकाच्या सुरुवातीच्या शब्दांवरून नाव देण्याची ती रीत. कॅम्पातल्या लाल देवळात, म्हणजे 1867 मध्ये पुऱ्या झालेल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगमध्ये, तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, वाचणाऱ्यांच्या तोंडी हेच नाव असतं.

आता खरी गंमत मराठीची. मराठी बायबलमध्ये या पुस्तकाचं नाव आहे ‘अनुवाद’. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते छापील शीर्षकच चुकलं आहे असं वाटलं होतं. आज आपण अनुवाद म्हणजे भाषांतर समजतो. पण अनु अधिक वद, म्हणजे मागून बोलणं, आधी सांगितलेलं पुन्हा सांगणं, हा त्या शब्दाचा जुना अर्थ आहे आणि न्याय-मीमांसेत तो त्याच अर्थाने वापरला जातो. ज्याने हे नाव निवडलं त्याला संस्कृत आणि ते पुस्तक दोन्ही नीट कळलं होतं. माझ्या मते ग्रीक नावापेक्षा मराठी नाव अधिक नेमकं आहे, कारण ग्रीक नावात जो गैरसमज शिरला तो यात नाही.

‘ड्यूटेरोकॅनॉनिकल’ म्हणजे दुय्यम दर्जाचे ग्रंथ का?

इथे ‘दुय्यम’ शब्द जपून वापरा. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ साधा ‘दुसरा’ असला तरी मराठीत त्याला खालच्या पायरीचा वास लागला आहे. दुय्यम निबंधक म्हणजे वरिष्ठाच्या हाताखालचा. ‘ड्यूटेरो-’मध्ये ती उतरंड नाही, फक्त क्रम आहे.

तोबित, युदीथ, मक्काबी यांसारखी सात पुस्तकं कॅथलिक बायबलमध्ये आहेत, प्रोटेस्टंट बायबलच्या मुख्य यादीत नाहीत. 1566 मध्ये सिएनाच्या सिक्स्टस यांनी त्यांच्यासाठी हा शब्द योजला. कॅथलिकांच्या लेखी त्यांचं प्रामाण्य तेवढंच, फक्त त्यांच्यावर शिक्कामोर्तब नंतर झालं. पहिलं कोण? ज्यांच्याबद्दल वाद झालाच नाही ते, प्रोटोकॅनॉनिकल.

याच धर्तीवर यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 40 ते 55 या अध्यायांच्या अज्ञात कवीला अभ्यासक ‘ड्यूटेरो-आयझाया’ म्हणतात, दुसरा यशया. ते अध्याय बाबेलच्या बंदिवासाच्या काळातले मानतात, पहिल्या यशयाच्या दीडशेहून अधिक वर्षांनंतरचे.

‘ड्यूटेरोगॅमी’ आणि ‘बायगॅमी’ यांत फरक काय? दोन्हीत दोन लग्नंच की!

आकडा तोच असला तरी गोष्ट पार वेगळी. ‘बाय-’ म्हणजे दोन एकदम: पहिलं लग्न टिकून असताना दुसरं. तो गुन्हा आहे. ‘ड्यूटेरो-’ म्हणजे एकामागून दुसरं: पहिला जोडीदार गेल्यावर केलेलं लग्न. मराठीत पुनर्विवाह.

पुण्याला या शब्दाचं उदाहरण बाहेरून आणावं लागत नाही. धोंडो केशव कर्वे यांची पहिली पत्नी राधाबाई 1891 मध्ये वारली. त्याच वर्षी ते फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. 1893 च्या मार्च महिन्यात त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई बालविधवा. दोघांचंही ते दुसरं लग्न होतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी ड्यूटेरोगॅमी. विधुराने पुन्हा बोहल्यावर चढणं समाजाला रोजचं होतं, विधवेने चढणं मात्र खपत नव्हतं. कायद्याने 1856 मध्येच परवानगी दिली होती तरी मुरूडला कर्व्यांवर बहिष्कार पडला. इंग्रजी शब्द पुरुष आणि बाई दोघांना सारखाच लागू होतो. समाजाने तो सारखा लावला नव्हता.

आणि मराठीकडे पाहा. दुसरेपणाच्या नवऱ्याला आपल्याकडे ‘बिजवर’ म्हणतात. हा ‘बिज’ पेरायच्या बीजाचा नव्हे, ‘द्वितीय’चा झिजून झालेला. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला येते, तिथलाही तोच. तिसरेपणाचा तो ‘तिजवर’. वर्गातल्या एका आजींनी हा शब्द सहज उच्चारला आणि मला फळ्यावर ‘ड्यूटेरो-’च्या शेजारी ‘बीज’ लिहिता आलं. तेव्हापासून मुलांना हा उपसर्ग परका वाटत नाही.

नाटकातला ‘ड्यूटेरॅगनिस्ट’ म्हणजे खलनायक?

नव्हे. ‘आगोनिस्तेस’ म्हणजे स्पर्धेत उतरणारा, नट. प्राचीन ग्रीक नाटकात आधी एकच नट आणि समोर गायकवृंद असे. ईस्किलसने दुसरा नट आणला आणि सोफोक्लीसने तिसरा, असं ॲरिस्टॉटलने नोंदवलं आहे. दुसरा नट आला आणि रंगमंचावर दोन नटांत थेट संवाद होऊ लागला. एकांकिका स्पर्धांसाठी महिनाभर तालमी करणाऱ्या आपल्या कॉलेजातल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको: समोरचा नट कच्चा असला की मुख्य नटाची वाक्यंही पडतात. आज इंग्रजीत हा शब्द कथेतल्या दुसऱ्या महत्त्वाच्या पात्रासाठी वापरतात, मग ते नायकाचा मित्र असो वा शत्रू.

एक उपप्रश्नही येतो. ‘प्रोटॅगनिस्ट’मधला ‘प्रो’ म्हणजे बाजूचा आणि ‘अँटॅगनिस्ट’मधला ‘अँटी’ म्हणजे विरुद्ध, अशी जोडी आहे का? ‘अँटी’ बरोबर आहे, पण पहिला शब्द ‘प्रोतोस’चा आहे. प्रोटॅगनिस्ट म्हणजे पहिला नट.

जीवशास्त्रातला ‘ड्यूटेरोस्टोम’ समजतच नाही.

‘स्टोमा’ म्हणजे तोंड. गर्भाच्या सुरुवातीच्या पेशींच्या गोळ्याला आधी एक भोक पडतं. गोगलगाय, गांडूळ, कीटक यांच्या गटात त्यापासून तोंड तयार होतं असं मानून त्यांना ‘प्रोटोस्टोम’, आधी तोंड, म्हटलं. आपल्या गटात त्या भोकाच्या जागी गुदद्वार होतं आणि तोंड नंतर दुसरीकडे उघडतं. म्हणून ‘दुसऱ्यांदा तोंड’. तारामासा आणि माणूस एकाच गटात येतात ते यामुळे. ही नावं ग्रोबेन यांनी 1908 मध्ये दिली. प्रत्यक्षात प्रोटोस्टोममधल्या सगळ्यांना हा नियम लागू पडत नाही, त्यामुळे आता वर्गीकरण मुख्यतः जनुकांवरून ठरतं. नावं मात्र राहिली.

‘ड्यूटेरोमायसिटीज’ हल्लीच्या पुस्तकात का सापडत नाही?

कारण तो गट मोडीत निघाला. ज्या बुरशींचं लैंगिक पुनरुत्पादन कुणी पाहिलं नव्हतं त्यांची ती तात्पुरती कोठी होती. पेनिसिलियमही त्यातच ठेवलेली असे. जिच्यावर 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तीच ही बुरशी. पुढे डीएनए तपासून या बुरशींना त्यांच्या खऱ्या नातेवाइकांत नेऊन बसवलं.

‘ड्यूटेरॅनोपिया’मध्ये दुसरं काय? डोळा?

डोळा नाही, रंग. ड्यूटेर, अन, ओपिया: दुसरा, न, दिसणं. लाल पहिला, हिरवा दुसरा, निळा तिसरा असा क्रम धरून फॉन क्रीस यांनी 1897 मध्ये ही नावं दिली. डोळ्याच्या पडद्यातल्या तीन प्रकारच्या शंकूपेशींपैकी हिरव्याच्या बाजूची दुसरी पेशी नसेल तर ड्यूटेरॅनोपिया. ती असून तिचा कल लालकडे सरकलेला असेल तर ‘ड्यूटेरॅनोमली’, आणि रंगांधळेपणाचा हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो. याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी अधिक दिसतो.

हा शब्द मला पुस्तकाआधी एका विद्यार्थ्याने शिकवला. मी फळ्यावर लॅटिन मुळं लाल मार्करने आणि ग्रीक मुळं हिरव्याने लिहीत असे. तीन आठवडे एक हुशार मुलगा प्रत्येक चाचणीत दोन्हींची सरमिसळ करत होता. चौथ्या शनिवारी वर्ग सुटल्यावर तो थांबला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, तुम्ही दोन रंग वापरता असं शेजारचा म्हणतो. मला सगळं एकाच मातकट रंगाचं दिसतं.” मी त्याच्या वहीत पाहिलं. त्याने सगळे शब्द एकाच निळ्या पेनने उतरवले होते आणि कुठला कुठला हे अंदाजाने बाजूला लिहिलं होतं. मला फार वाईट वाटलं. आता लॅटिन शब्दाखाली मी सरळ रेघ मारते, ग्रीकखाली नागमोडी. पुढच्या चाचणीत त्याचा एकही शब्द चुकला नाही.

मी जर्मन शिकतो. ‘दॉइच’चा याच्याशी संबंध आहे?

अजिबात नाही. स्पेलिंगची सुरुवात सारखी दिसते एवढंच. ‘दॉइच’ जुन्या जर्मन शब्दावरून आला, अर्थ ‘लोकांचा, लोकभाषेचा’. टेनिसमधला ‘ड्यूस’ही वेगळा, तो फ्रेंचमार्गे लॅटिन ‘दोन’वरून.

आजच्या ग्रीसमध्ये हा शब्द जिवंत आहे का?

रोज बोलला जातो, फक्त उच्चार बदलला आहे, आता जवळपास ‘देफ्तेरा’ असा ऐकू येतो. ग्रीक सोमवार म्हणजे ‘देफ्तेरा’, आठवड्याचा दुसरा दिवस, कारण रविवार पहिला. आणि घड्याळातल्या सेकंदाला ते ‘देफ्तेरोलेप्तो’ म्हणतात. ‘लेप्तो’ म्हणजे बारीक तुकडा, मिनिट.

आता स्वतःच्या मनगटाकडे बघा आणि तोच प्रश्न विचारा. ‘सेकंद’ म्हणजे दुसरा, मग पहिला कोण? लॅटिनमध्ये तासाचे साठ भाग केले ते ‘पहिले बारीक भाग’, त्यांचे पुन्हा साठ केले ते ‘दुसरे बारीक भाग’. पहिल्याचं नाव ‘बारीक’ एवढंच उरलं, ते मिनिट. दुसऱ्याचं नुसतं ‘दुसरा’ उरलं, तो सेकंद. आपल्या जुन्या पंचांगातही साठाचीच भागणी आहे: घटकेची साठ पळं, पळाची साठ विपळं. एक पळ 24 सेकंदांचं, एक विपळ 0.4 सेकंदाचं. तिथे ‘दुसरा’चं काम ‘वि’ने केलं आहे.